टीव्हीवरचं रेकॉर्डिंग हातचं जाऊ नये म्हणून या चुका टाळा

डीटीएचच्या बॉक्समागे पेनड्राइव्ह लावला, लाल बटण दाबलं, म्हणजे कार्यक्रम आपल्याकडे कायमचा राहिला, असं समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. हा बॉक्स फाइल लॉक करून लिहितो आणि त्या लॉकची किल्ली त्याच्याच पोटात असते. जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकांनी लेकीचं सह्याद्रीवरचं गाणं असंच ठेवलं होतं. पुढे बॉक्स बिघडला, कंपनीने नवा दिला. लॅपटॉपवर फाइल दिसायची, आकारही दिसायचा, पण चालेना. नव्या बॉक्सने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं आणि काकांनी हो म्हटलं. जी फाइल त्या एकाच बॉक्सवर चालते, ती आपली नाही, हे रेकॉर्ड करण्याआधीच ओळखा. ओळखायचं कसं? दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करा आणि लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये उघडून बघा. उघडलं नाही, तर जपून ठेवायचं काही त्यात टाकू नका. काही सेवांमध्ये रिचार्ज संपला की जुनं रेकॉर्डिंगही बंद पडतं.

‘बॉक्सच्या आत लिनक्स (कोणालाही बदलता येणारी मोफत प्रणाली) आहे, म्हणजे तो मोकळा असेल’ हाही गैरसमज. 1999 साली आलेला अमेरिकेतला टिव्हो हा रेकॉर्डिंगचा बॉक्स लिनक्सवरच चालायचा, पण त्यात बदललेलं सॉफ्टवेअर घातलं की तो चालायला नकार द्यायचा. 2007 च्या जीपीएल (मोकळ्या सॉफ्टवेअरचा परवाना) आवृत्ती 3 मध्ये अशा अडवणुकीविरुद्ध खास कलम घालावं लागलं.

स्वतःच्या कॉम्प्युटरवर टीव्ही रेकॉर्ड करणारी मिथटीव्ही किंवा टीव्हीहेडएंड ही सॉफ्टवेअरं खरी ओपन सोर्स, म्हणजे मोकळी. पण त्यांच्याकडून भलती अपेक्षा ठेवू नका. हवेतून जे उघडं येतं तेच ते रेकॉर्ड करतात. डीडी फ्री डिशवरची उघडी चॅनेल्स नीट उतरतात. पैसे भरून बघायचं चॅनेल लावलं तर रिकामी फाइल मिळते. त्यात सेटिंग चुकलेलं नसतं, तेव्हा रात्र जागू नका. पेड बॉक्सची एचडीएमआय केबल कॅप्चर कार्डात (पडद्यावरचं चित्र कॉम्प्युटरवर घेणारं यंत्र) घातल्यावर पडदा काळा राहतो तोही एचडीसीपी या कॉपी-संरक्षणाच्या कुलपामुळे. ते कुलूप तोडणारी यंत्रं विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण मोडलं तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 65ए प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे.

कॉम्प्युटरला डिशचं सिग्नल देणारा ट्यूनर नवी पेठेतून घ्या की ऑनलाइन, डब्यावर डीव्हीबी-एस2 (डिशसाठीचा प्रकार) लिहिलंय का ते बघा. स्वस्त म्हणून लोक डीव्हीबी-टीची (साध्या अँटेनासाठीचा प्रकार) यूएसबी काडी मागवतात. डिशच्या केबलला तिचा काहीच उपयोग नाही. आणि त्या मॉडेलला लिनक्समध्ये ड्रायव्हर आहे का, हे पैसे देण्याआधीच शोधा.

आता आपल्याकडचा खरा त्रास: लाइट. हे रेकॉर्डिंग बरेच जण रास्पबेरी पाय 4 या छोट्या कॉम्प्युटरवर करतात, आणि त्यात घड्याळाची बॅटरी नसते. लाइट गेली, परत आली, पण राउटर अजून जागा झाला नाही, तर इंटरनेटवरून वेळ न मिळाल्याने पाय जुन्याच वेळेवर चालतो आणि नऊचा कार्यक्रम हुकतो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत अक्षता सोहळ्याचं प्रक्षेपण असं हुकलं तर पुढच्या संक्रांतीपर्यंत थांबावं लागेल. म्हणून पाय, राउटर आणि डिस्क तिन्ही इन्व्हर्टरवर घ्या. जमत नसेल तर डीएस3231 हे छोटं घड्याळाचं मॉड्यूल बसवा. रेकॉर्डिंग रोज साडेपाच तास उशिरा सुरू होत असेल, तर टाइमझोन यूटीसीवर (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ) राहिलाय. रात्री 9 चं टायमर मग पहाटे 2.30 ला लागतं. तो आशिया/कोलकाता करा. शिवाय टायमरला आधी पाच आणि नंतर पंधरा मिनिटं जादा द्या, थेट कार्यक्रम वेळेवर संपत नाहीत.

लांबलचक कीर्तन मध्येच तुटतंय? डिस्क एफएटी32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल. तिथे एक फाइल 4 जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे 3 एमबीपीएसच्या चॅनेलला सुमारे तीन तास. रिकामी डिस्क ईएक्सटी4 या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये फॉरमॅट करा. डिस्कला वेगळा वीजपुरवठा द्या; पायच्याच यूएसबीवर ती ओढली की अधूनमधून गायब होते. मे महिन्यात तर ती सेट-टॉप बॉक्सच्या डोक्यावर अजिबात ठेवू नका, खालून बॉक्सची आणि वरून पत्र्याची अशी दुहेरी धग तिला लागते.