आपल्या रेल्वेच्या गावाचा इतिहास कसा जमवायचा, शकुंतलेच्या लाइनीवरून सांगतो

गावची गाडी बंद पडली आणि आता तिचं काहीतरी लिहून ठेवावं असं वाटतंय ना, तर सुरुवात स्टेशनच्या बिल्डिंगपासून करू नका, मालधक्क्यापासून करा. आमच्याकडची शकुंतला नावाची छोटी गाडी घ्या, यवतमाळ, दारव्हा, मूर्तिजापूर, अचलपूर अशी तिची लाइन. किलिक निक्सन कंपनीने ही लाइन टाकली ती वऱ्हाडातल्या कापसासाठी, माणसांची सोय नंतरची. कापूस मूर्तिजापूरला यायचा, तिथून मोठ्या लाइनीने मुंबई आणि पुढे बोटीने मँचेस्टर. आता ही अडीच फुटी लाइन आणि ती ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रुळांची, डबा काही पुढे जात नाही, म्हणजे माल इकडून उतरवून तिकडे चढवायचा, आणि या एवढ्या कामावर हमाल, बैलगाडीवाले, खानावळी, चहावाले सगळे जगले. हे नीट समजून घ्या, गाव कशावर उभं राहिलं ते इथेच कळतं.

मग म्हाताऱ्या माणसांकडे जा, पण साल विचारू नका, सालं कोणाला आठवत नाहीत. "आजोबा, तेव्हा कोळशाचं इंजिन होतं का डिझेल?" असं विचारा. 1921 ला मँचेस्टरमध्ये बनलेलं झेडडी नावाचं कोळशाचं इंजिन 15 एप्रिल 1994 ला काढून डिझेल लावलं, त्यामुळे आठवण त्याच्या आधीची की नंतरची ते लगेच समजतं. त्याच्या आधीची असेल तर बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर ते विचारा.

वस्तू दाखवा म्हणा. मी एका हमाल आजोबांकडे तासभर बसलो, हो-नाही करत होते, मग खुंटीवरचा कापसाची गठाण ओढायचा लोखंडी आकडा काढला, मूठ झिजून गुळगुळीत झालेली, आणि तो हातात आल्यावर बोलणं थांबेचना.

गाडी बंद झाली म्हणून गाव बसलं असं सगळेच सांगतात, ते तसंच लिहून टाकू नका. कापूस ट्रकने थेट जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कधी जायला लागला, पॅसेंजर एसटीकडे कधी वळले, बाजारातली दुकानं स्टेशन रोड सोडून स्टँडजवळ कधी गेली, हे एकेका दुकानदाराला विचारा, बहुतेक वेळा गाव आधी ओसरलेलं असतं आणि गाडी त्याच्यानंतर थांबते.

लिहून झालं की ज्यांनी सांगितलं त्यांनाच घरी जाऊन वाचून दाखवा, चुका तिथल्या तिथे निघतात आणि राहिलेलं तेव्हाच आठवतं, म्हणून वही-पेन सोबत ठेवा.