या चुका टाळा: ठरावीक वेळाने फंक्शन पुन्हा पुन्हा चालवताना

बेळगावात एका कुंद्याच्या दुकानात मी टीव्हीवर दरपत्रक लावून दिलं होतं. आठ सेकंद कन्नड, आठ सेकंद मराठी. जावास्क्रिप्टची एकच ओळ: सेटइंटरव्हल(भाषा_बदल, ८०००), म्हणजे भाषा_बदल हे फंक्शन दर ८००० मिलिसेकंदांनी चालवणारा टायमर. चार दिवसांनी मालकांचा फोन आला, "अहो, कन्नड येतंय आन् लगेच जातंय की. काय करून ठेवलासा?" आमच्या गावात या तक्रारीवर कुणी हसत नाही. गाडी काढून तसाच गेलो.

मालकांचा मुलगा दर बदलायच्या पानावर जाऊन परत आला की नवा टायमर सुरू व्हायचा, आणि जुना बंद करायला मी विसरलो होतो. दोन्ही एकच भाषा उलटवत होते. एकाने कन्नड आणली की दुसरा सेकंदाभरात मराठी करायचा.

असा संशय आला तर फंक्शनच्या पहिल्याच ओळीत ब्राउझरच्या कन्सोलवर, म्हणजे प्रोग्रामचे संदेश दिसतात त्या खिडकीत, वेळ छापा. आठ सेकंदांत दोन ओळी दिसल्या तर टायमरही दोन आहेत. सेटइंटरव्हल जो क्रमांक परत देतं तो जपून ठेवा आणि पान सोडताना, तसंच नवा टायमर लावण्याआधी, तो टायमर बंद करणाऱ्या क्लिअरइंटरव्हलला द्या. हा क्रमांक फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. फंक्शन संपलं की तो हातचा जातो. मी नेमकं तेच केलं होतं.

नवशिक्यांची ठरलेली चूक कंसाची. भाषा_बदल() असं लिहिलं की फंक्शन तिथल्या तिथे एकदाच चालतं आणि टायमरच्या हाती काहीच लागत नाही. नुसतं नाव द्या. आणि वेळ मिलिसेकंदांत असते. ८ लिहिलंत तर पडदा नुसता फडफडेल.

दर सर्व्हरवरून आणत असाल तर सेटइंटरव्हल नकोच. खानापूरच्या जंगलपट्टीत नेटवर्क आलं तर आलं. दर दोन सेकंदांनी विचारणा करायची आणि उत्तराला पाच सेकंद लागायचे, म्हणजे विचारणा एकमेकींवर चढतात. मागची उशिरा पोचते आणि ताज्या दरावर शिळा दर बसवते. उत्तर आल्यावरच, फंक्शन एकदाच चालवणाऱ्या सेटटाइमआउटने पुढची फेरी लावा, आणि विचारणा फसली तरीही ती फेरी लागेल अशा जागी, म्हणजे काहीही झालं तरी चालणाऱ्या फायनली या भागात. नाहीतर नेटवर्क एकदा गेलं की साखळी तुटली.

टायमरच्या फेऱ्या मोजून वेळ काढू नका. उद्यमबागेत एका फाउंड्रीसाठी भट्टीची मिनिटं मोजताना मी दर सेकंदाला एक मिळवत होतो. ऑपरेटर दुसऱ्या टॅबमध्ये गेला की आकडा मागे पडायचा. झाकलेल्या पानाचे टायमर ब्राउझर मुद्दाम मंद करतो. क्रोममध्ये पान पाच मिनिटांहून जास्त झाकलेलं राहिलं तर ते मिनिटाला एकदाच चालण्यापर्यंत मजल जाते. सुरुवातीची वेळ, आत्ताची वेळ देणाऱ्या डेट.नाऊने टिपून ठेवा आणि दर फेरीला आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. फेरी चुकली तरी हिशेब चुकत नाही.

महिन्यातून एकदाचं काम? ब्राउझरच्या टायमरची मर्यादा २१४७४८३६४७ मिलिसेकंद, म्हणजे पावणेपंचवीस दिवसांच्या आसपास. तीस दिवस दिलेत तर आकडा उलटून ऋण होतो आणि फंक्शन लगेच, न थांबता धावत सुटतं. शिवाय तीस दिवस सलग वीज आपल्याकडे कुठे असते? ते काम सर्व्हरवरच्या क्रॉनला, म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या प्रोग्रामला द्या.