गरीवाल्यांच्या शेजारी बोट बांधताना या चुका टाळा

बोटवाला पाण्याचा वरचा थर बघतो, गरीवाला, म्हणजे गळ टाकून मासे धरणारा, तळ बघतो. नागपूरजवळचा खिंडसी जलाशय असो, नवेगाव खैरी असो की वेणा, काठावरची बहुतेक भांडणं या दोघांच्या मधल्या पाण्यात होतात. तिथे ताणलेला तंगूस (गरीची नायलॉनची दोरी) असतो, बुडालेल्या बाभळीचं खोड असतं, कुणीतरी संध्याकाळी लावलेलं जाळं असतं, आणि वरून काही म्हणता काही दिसत नाही. खाली दिलेल्या चुका जवळजवळ सगळ्या याच न दिसणाऱ्या पाण्यातल्या आहेत.

परवानगीचं आधी उरकून टाकू. मोठे जलाशय बहुतेक जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात आणि मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. म्हणजे बोट उतरवायची तर एका ठिकाणी विचारायचं आणि गरी टाकायची तर दुसऱ्या. एकाची परवानगी दुसऱ्याला चालत नाही. तोतलाडोहचा तर विषयच सोडा, तो पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या आत आहे आणि तिथे मासेमारीला बंदी आहे. इंजिनाच्या बोटीला अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ खाली नोंदणी लागते, हेही सोबत लक्षात असू द्या.

तरंगणारी दोरी

इतवारी बाजारातून आणलेली निळी-पिवळी प्लॅस्टिकची दोरी स्वस्त असते, हलकी असते आणि पाण्यावर तरंगते. हे तरंगणंच नडतं. काठापासून बोटीपर्यंत ती दोरी पाण्यावर सापासारखी पसरते, शेजाऱ्याची गरी ओढताना तिच्यात अडकते आणि बोट सुरू करताना इंजिनाच्या पंख्यात जाते. उन्हानं ती दोन उन्हाळ्यांत ठिसूळ होते ते वेगळंच. चुरचुर आवाज करत तिचे बारीक तंतू हाताला लागायला लागले की समजा, संपली.

१४ ते १६ फुटी फायबरच्या बोटीला १० मिलिमीटरची नायलॉन दोरी पुरते. नायलॉन बुडतं आणि झटका बसला तर थोडं ताणतं, त्यामुळे खुंट्यावर एकदम जोर येत नाही. पुढची एक, मागची एक, अशा दोन दोऱ्या ठेवा, प्रत्येकी ८ ते १० मीटर. घरात तरंगणारीच पडून असेल तर तिच्या मध्यावर अर्धा किलोचं शिसं किंवा दगड बांधा, म्हणजे ती खाली बसेल.

आणि बांधायचं कशाला? पाळीच्या पिचिंगच्या, म्हणजे बांधाच्या उतारावर रचलेल्या, दगडाला नाही, पाणी मोजायच्या पट्टीला नाही, सांडव्याच्या कठड्याला तर मुळीच नाही. पिचिंगचा एक दगड हलला की लाटा त्याच्यामागची माती धुऊन नेतात, मग शेजारचे दगड सुटतात. काठावर जागा कमी असेल तर बोट आडवी लावू नका. नाक काठाला आणि शेपूट पाण्याकडे ठेवली की १४ फुटी बोट काठाची दीड-दोन मीटर जागा खाते, आडवी लावली तर साडेचार मीटर. मागची बाजू वाऱ्यानं फिरू नये म्हणून इथले नावाडी चिखलात बांबू रोवतात. उथळ पाण्यात नांगरापेक्षा बांबू बरा, कारण तो जागा व्यापत नाही आणि सरळ दिसतो.

पाणी तेवढंच राहील असं धरून चालणं

रब्बीत कालव्याला पाणी सोडलं की जलाशयाची पातळी रोज थोडी थोडी उतरते. काठाचा उतार १ : २० असेल, म्हणजे २० मीटरला १ मीटर, तर पातळी फक्त ५ सेंटिमीटर उतरली तरी काठ १ मीटर मागे सरकतो. संध्याकाळी बांधलेली बोट दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूनं चिखलात बसलेली सापडते आणि इंजिनाचा पाय गाळात रुतलेला असतो. त्या अवस्थेत इंजिन सुरू केलं तर गाळ थेट थंडाव्याच्या पाण्याच्या पंपात जातो, आत रबराची पाती असतात, ती काही मिनिटांत झिजतात. म्हणून रात्रभर ठेवायची असेल तर इंजिन वर उचलून ठेवा आणि दोरीला एक-दीड मीटर ढील द्या.

पावसाळ्यात उलट होतं. आखूड बांधलेली बोट पाणी चढलं की दोरीनं खाली खेचली जाते. पाणी किती झपाट्यानं चढतं याचा अनुभव नागपूरकरांना सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला तेव्हा आलाच आहे.

नांगर टाकला की झालं, असं समजणं

४ मीटर खोल पाण्यात, बोटीत माणूस असताना, थोड्या वेळापुरतं थांबायचं तर खोलीच्या तिप्पट, म्हणजे १२ मीटर दोरी लागते. वारा असेल किंवा रात्र काढायची असेल तर पाच ते सात पट. पण १२ मीटर दोरीवरची बोट तेवढ्याच अंतराचा गोल मारते, आणि त्या गोलात काठावरच्या चार जणांच्या गऱ्या असू शकतात. त्यामुळे गरीवाले बसले असतील तिथे दोरी वाढवण्यापेक्षा नांगराला दीड-दोन मीटर साखळी जोडा. साखळीच्या वजनानं ओढ तळाशी आडवी पडते आणि नांगर कमी दोरीत धरतो. तरीही वारा उठला की जागा बदलायची. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी वावधन (वादळी वारा) सुटतं तेव्हा तर बाहेर पडून काठावरच यायचं.

आपल्याकडच्या जलाशयांच्या तळाशी बुडालेली झाडं असतात. नांगर त्यांत अडकला की माणसं बोट पुढेमागे नेत ओढत बसतात, त्यात बोट एका बाजूला कलते. यावर जुनी युक्ती आहे. दोरी नांगराच्या कडीला न बांधता आकड्यांच्या मुळाशी बांधायची, तिथून दांडीवरून वर आणायची आणि कडीला नुसत्या सुतळीनं आवळायची. एरवी सुतळी धरून राहते. नांगर अडकला तर दोरी जोरात ओढायची, सुतळी तुटते आणि नांगर उलट्या बाजूनं सुटून येतो. सुतळी किती वेढ्यांची हे आधी काठावर ओढून बघा. जास्त वेढे घेतले तर ती तुटतच नाही, फार कमी घेतले तर वाऱ्यातच तुटते.

येताना शेवटच्या क्षणी गती कमी करणं

हे चांगल्या मनानंच होतं. गरीवाला दिसला की १५ मीटरवर एकदम इंजिन कमी करतात. पण गती तोडली की मागून येणारी लाट बोटीला गाठते आणि पुढे जाऊन काठावर आदळते. शिवाय बोट पाण्यावरून घसरत असते त्यापेक्षा ती खाली बसते त्या मधल्या गतीत लाट मोठी उठते. म्हणजे ज्याला त्रास होऊ नये म्हणून हळू झालात, त्याच्याच पायाशी सगळ्यात मोठी लाट. निदान १०० मीटरवरूनच हळूहळू गती उतरवा आणि शेवटचे ५० मीटर चालण्याच्या गतीनं या.

काठावर बसलेल्याची गरी साधारण ३० ते ४० मीटर आत असते. रोहू-कतल्यासाठी चारा मारून बसलेला माणूस तर सकाळपासून एकाच ठिकाणी पेंड आणि कणकेचे गोळे टाकत असतो. त्याच जागेवरून बोट गेली की मासे पांगतात आणि त्याचा दिवस गेला. तेव्हा तोंड उघडावं हे बरं.

“भाऊ, गरी कितीक दूर टाकली? कोणत्या बाजूनं काढू नाव?”

“उजवीकडे दोन गऱ्या हायेत, तुम्ही डावीकडून घ्या.”

एवढ्यावर काम होतं. हातात काठी दिसते म्हणून गरी समोरच असेल असं समजू नका. वाऱ्यानं तंगूस बाजूला वाहून गेलेला असतो. काठीचं टोक कुठे वळलंय ते बघा, तंगूस त्या दिशेला असतो.

बाटल्यांच्या मधून जाणं

पाण्यात एका ओळीत रिकाम्या बाटल्या किंवा थर्माकोलचे तुकडे दिसले तर ते जाळं आहे. ढिवर बांधव (इथला मच्छीमार समाज) ते संध्याकाळी लावतात, पहाटे काढतात, म्हणजे फेरफटक्याला निघणाऱ्या बोटींची आणि जाळ्यांची गाठ नेमकी अंधुक उजेडात पडते. ओळीच्या शेवटच्या बाटलीला वळसा घालून जा. जाळ्यावर चढलातच तर इंजिन लगेच बंद करा. उलटं फिरवलं तर जाळं आणखी गुंडाळतं. इंजिन वर उचला, वल्ह्यानं मागे व्हा, जाळं कापू नका. एक जाळं म्हणजे एका घराची कमाई असते आणि तुमच्या घाईपायी ते फुकट जातं.

पिंजऱ्यातलं मत्स्यपालन असेल तर त्या पिंजऱ्यांच्या कडेला बोट बांधायची नाही. पिंजऱ्याच्या नांगराच्या दोऱ्या तिरप्या, बऱ्याच बाहेरपर्यंत गेलेल्या असतात. पिंजरे साधारण ६ बाय ४ मीटरचे असले तरी दोऱ्यांची हद्द त्याच्या कितीतरी पुढे असते.

पंख्यात तंगूस गेला आणि ‘चालतंय ना’ म्हणून सोडून दिला

सगळ्यात महाग चूक हीच. तंगूस पंख्याभोवती दिसतो तेवढाच नसतो. पंख्याच्या मागे दांड्यावर तो आवळत जातो, गरम होतो आणि दांड्याभोवतीचं रबरी ऑइल सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं. इंजिन आठवडाभर नीट चालतं आणि महिन्याभरानं गिअर जातो. विणलेली बारीक दोरी तर साध्या तंगूसापेक्षा लवकर कापते.

काढायचं असं. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलमध्ये, सुरक्षा दोरीची क्लिप (ती काढली की इंजिन सुरू होत नाही) काढून खिशात. इंजिन वर उचला. पंख्याच्या नटातली पिन चिमट्यानं सरळ करून काढा, नट सोडा, पंखा सरळ ओढा. लहान इंजिनात एक आडवी पिन असते, ती पाण्यात पडू देऊ नका. आतला वॉशर काढा. तिथे तंगूस चाकूनं कापू नका, सीलला ओरखडा पडतो. बोटांनी टोक शोधून उलट्या दिशेनं उलगडा. मग दांडा पुसून पाण्यात टिकणारं ग्रीस लावा, वॉशर त्याच तोंडानं बसवा, पिन नवी घाला. जुनी सरळ केलेली पिन पुन्हा वापरली तर ती दुसऱ्या वळणात तुटते.

नंतर तेल तपासा. बोट रात्रभर स्थिर राहिल्यावर गिअरच्या पेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करा. पाणी जड असल्यामुळे ते आधी येतं. चार थेंब पाणी आलं किंवा तेल दुधाळ, ताकासारखं दिसलं तर सील गेलं. नवीन तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावा, मग नळी काढून खालचा. उलटं केलं तर सगळं तेल हातावर.

इंजिन बंद पडलं, आणि काठावरचे हसले

सुरू झालं, पाच मिनिटं चाललं आणि मेलं, तर पहिल्यांदा टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. तो बंद असला की पेट्रोल खेचलं जातं, टाकीत पोकळी होते आणि पुरवठा थांबतो. चालूच होत नसेल तर सुरक्षा दोरीची क्लिप नीट बसली आहे का बघा. मेकॅनिकला फोन करायच्या आधी एवढं झालं पाहिजे.

इंजिनाच्या मागून येणारी थंडाव्याच्या पाण्याची धार थांबली तर लगेच इंजिन बंद. शहरातल्या तलावात बहुतेकदा जलकुंभीची मुळं पाणी ओढायच्या जाळीत अडकलेली असतात. ती हातानं काढा. धारेच्या भोकात गाळ असेल तर जाड तंगूसाचा तुकडा आत घालून साफ करा. हो, तोच तंगूस, इथे मात्र उपयोगी. दोन स्ट्रोकच्या इंजिनात लिटरला २० मिलिलिटर तेल हे ५० : १ चं प्रमाण बहुतेक ठिकाणी चालतं, पण तुमच्या पुस्तिकेत वेगळं असेल तर तेच पाळा. महिना दोन महिने बोट ठेवायची असेल तर पेट्रोल काढून टाका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओलावा शोषतं आणि कार्ब्युरेटरात पाणी जमतं.

सगळे एका बाजूला

मासा लागला की बोटीतले सगळे तिकडे झुकतात, आणि फोटो काढायला आणखी दोघं उठतात. जुलै २०१७ मध्ये नागपूरजवळ वेणा जलाशयात नाव उलटून बरीच तरुण मुलं बुडाली होती. बोटीवर लिहिलेल्या क्षमतेत जाळी, टाकी, बर्फाची पेटी यांचंही वजन येतं, हे लोक विसरतात. लाइफ जॅकेट बसायची गादी म्हणून वापरू नका. आतला फोम दबतो आणि पुन्हा फुगत नाही. खांद्याला धरून वर ओढून बघा. कानापर्यंत सरकत असेल तर ते सैल आहे, पाण्यात डोक्यावरून निघेल.

गरीवाल्यांच्याही चुका

दोष एकतर्फी नाही. बोट उतरवायच्या रस्त्यावरच काठी रोवून बसणं, बोटीच्या दोरीला आपली काठी टेकवणं, तुटलेला तंगूस पाण्यातच सोडून देणं हे रोजचं आहे. अडकलेला तंगूस ओढून तोडताना काठीनं ओढू नका. तो लाकडाच्या तुकड्याला दोन-तीन वेढे देऊन सरळ मागे चालत तोडा आणि तोंड वळवून ठेवा, शिसं गोळीसारखं मागे येतं. काठी कार्बनची असेल तर वरून विजेची तार जाते का ते बसायच्या आधी बघा, कार्बनमधून वीज वाहते. तुटलेले तुकडे बाटलीत भरून घरी न्या. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे पट्टेरी हंस याच काठांवर चरतात, आणि पायाला गुंडाळलेला तंगूस त्यांना सोडवता येत नाही.