कातळावरच्या चढाईची नोंद कशी लिहावी

इंदूरच्या दक्षिणेला, महूपलीकडे माळव्याचं पठार नर्मदेच्या खोऱ्यात उतरतं. तिथला कातळ सह्याद्रीतलाच, बेसाल्ट. तिथल्या कड्यावर नवा मार्ग केलात तर त्याची नोंद उतरण्यापासून लिहायला घ्या. मार्ग चुकलेला माणूस बहुधा अडकतो. दोर कमी पडलेला खाली कोसळतो.

60 मीटरचा दोर दुहेरी टाकला की 30 मीटरच हाती येतात. म्हणून प्रत्येक रॅपलची, म्हणजे दोरावरून उतरायच्या टप्प्याची, लांबी मीटरमध्ये द्या आणि 28 च्या पुढे गेली की ‘दोन दोर लागतील’ असं सरळ लिहा. दोराच्या दोन्ही टोकांना गाठ मारायची सूचना प्रत्येक नोंदीत हवीच.

लांबी अंदाजाने लिहू नका. लीड करणारा, म्हणजे पुढे चढणारा, स्टेशनवर (दोर अडकवून थांबायच्या जागी) पोचला की दोर ताठ करून खाली उरलेला भाग टेपने मोजा आणि एकूण लांबीतून वजा करा. पण आधी दोरच मोजलेला हवा. वापरून तो आकसतो, कधी खराब टोक कापलेलं असतं. लेबलवरच्या 60 चे 57 झालेले असतात.

मग कातळ. बेसाल्टच्या दोन थरांमध्ये बऱ्याचदा लाल मातीचा मऊ पट्टा असतो. तो किती उंचीवर आहे ते नक्की लिहा, कारण तिथे मेख (भेगेत ठोकायची) किंवा बोल्ट (भोक पाडून बसवायचा) धरत नाही. चांगल्या कातळात मेख आत जाताना घावागणिक सूर चढतो. भदभद आवाज आला की ती काढा. बोल्टची जाडी, धातू आणि बसवल्याचं साल लिहा.

‘छान भेग, पुढे थोडं अवघड’ हे वाक्य कोणाच्याच कामाचं नाही. ‘8 मीटर उभी भेग, मूठ बसेल एवढी; संपते तिथून उजवीकडे 2 मीटर आडवं, पायाला बोटभर कड’ असं लिहा. झाडाची खूण शक्यतो टाळा, वणव्यात ते जातं. अवघडपणाची श्रेणी एकाच पद्धतीत द्या आणि बुटक्या-उंच अशा दोघातिघांना चढवूनच ठरवा. लांब हातांच्या माणसाची फ्रेंच पद्धतीतली 5सी इतरांना त्याहून अवघड 6ए पडते.

फोटो पायथ्यातून काढला तर वरचा अर्धा कडा दबून दिसतो. लांबून, समोरून, ऊन तिरपं असताना काढा, म्हणजे भेगा सावलीने उठून दिसतात.

आग्या मोहोळ कुठे आहे ते फोटोवरच दाखवा आणि पाहिल्याची तारीख टाका. पोळी हंगामागणिक हलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या नोंदीवर विसंबून कोणी दोर बांधू नये.