जिना चढला की पॅनिक अटॅक: माझा अनुभव

जिना चढून छाती धडधडली की हातपाय गार पडायचे आणि बोटं आपोआप मनगटावर नाडी शोधायची. ईसीजी, थायरॉइड नॉर्मल. दीर्घ श्वास, थंड पाणी, रात्री दोन वाजता गूगल. सगळं करून पार वैतागलो होतो.

गुण आला तो उलट्या उपायाने. डॉक्टरांनी हृदय ठीक असल्याचं सांगितल्यावरच समुपदेशकांनी हे दिलं: धडधड मुद्दाम आणायची. जागच्या जागी १ मिनिट पळायचं. थांबून भीतीला ० ते १० पैकी गुण द्यायचे. मग नाडी बघायची नाही (हेच सर्वांत अवघड), पाणी प्यायचं नाही, धडधड आपली आपण उतरू द्यायची. भीती निम्म्यावर आली की पुन्हा पळायचं. असं रोज ३-४ वेळा.

पहिल्या दिवशी ८ गुण, तिसऱ्या आठवड्यात २. काल जिन्यात धडधडलं, पण फोनवरचं बोलणं थांबलं नाही.