पर्यटकांचा अभिप्राय घेताय? या चुका टाळा

मुंबईतल्या कान्हेरी लेण्यांची फेरी संपते, गाईड वही पुढे करतो आणि ‘खूप छान माहिती दिली’ असं खरडून मंडळी बससाठी पळतात. अशा वह्यांनी कपाट भरतं, पण पुढच्या रविवारी नेमकं काय बदलायचं ते कळत नाही.

माहिती सांगणाऱ्याच्या देखत वाईट कोण लिहील? भिडेपोटी सगळं छानच असतं. वही दुसऱ्या कुणाच्या हाती द्या, नाव विचारू नका.

मोठी चूक मात्र प्रश्नात असते. कान्हेरीत शंभराहून जास्त लेणी आहेत आणि पावसाचं पाणी साठवायला कातळात टाकी खोदलेली आहेत. समजा, ही पाण्याची सोय लोकांना कळावी हा तुमचा हेतू आहे. मग ‘माहिती रंजक आणि सोपी होती का?’ विचारून काय हाती लागणार? एक तर हे दोन प्रश्न आहेत, वर उत्तरही तुम्हीच सुचवलंय. त्याऐवजी ‘उन्हाळ्यात इथले भिक्खू पाणी कुठलं पीत असतील?’ असं विचारा. किंवा ‘घरी जाऊन काय सांगाल?’ बहुतेकांनी माकडांचंच नाव काढलं, तर टाक्यांपाशी तुम्ही सांगितलेलं त्यांच्यापर्यंत पोचलेलं नाही.

ठाणे खाडीतल्या फ्लेमिंगो फेरीत वेगळाच घोळ. पक्षी जवळून दिसले की गाईड उत्तम, नाही दिसले की पैसे वाया! पक्षी कुठे असतील हे भरती-ओहोटीवर ठरतं, बिचाऱ्या गाईडवर नाही. फॉर्मवर फेरीची वेळ, भरतीची स्थिती आणि पक्षी दिसले की नाही याची नोंद ठेवा, नाहीतर तुम्ही गाईडला नव्हे, नशिबाला गुण देत राहाल.

अर्ध्यातून निघून गेलेल्यांना कोणीच विचारत नाही, खरं तर तेच जास्त शिकवतात. एक स्वयंसेवक मागे ठेवा. गट कुठे पांगतो, कुठल्या फलकापाशी कोणी थांबतच नाही, एवढं त्याने टिपलं तरी पुष्कळ.

फॉर्म मराठी-हिंदीतही हवा. शाळेच्या सहलीत तो बाईंनी नव्हे, मुलांनी भरावा. स्वच्छतागृह आणि तिकीट-रांगेच्या तक्रारी वेगळ्या काढून व्यवस्थापनाकडे द्या, त्या तक्रारींमुळे कार्यक्रमाचे गुण कापू नका.

आणि सुधारणा करताना एका वेळी एकच. टाक्यांपाशीचा थांबा वाढवलात, तर त्याच आठवड्यात गाईड आणि वाट बदलू नका. फरक कशाने पडला, हे मग कोणालाच सांगता येत नाही.