आधी दिनदर्शिका, मग अंडे

बाळाला अंडे सुरू करायचे ठरले की घरात पहिली धावपळ होते ती गावरान अंडी मिळवण्याची. ती राहू द्यावी. आधी भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून श्रावण कधी लागतो ते पाहावे आणि आपल्याकडे अंडे श्रावणापुरतेच बंद असते, की अनंत चतुर्दशीपर्यंत, की थेट दसऱ्यापर्यंत, हे ज्यांच्या हाती स्वयंपाकघर आहे त्यांना स्पष्ट विचारून घ्यावे. बाकीच्या तयारीची आठवण करून द्यायला दहाजण असतात. या गोष्टीची कोणीही करून देत नाही.

एकदा चाखवले, सोसले, आता पुढच्या पदार्थाकडे वळू, असे अंड्याच्या बाबतीत चालत नाही. सुरू केलेले अंडे आठवड्यातून किमान दोनदा पोटात जात राहिले पाहिजे, असे ऑस्ट्रेलियातील ॲलर्जीतज्ज्ञांची संघटना स्पष्ट सांगते, कारण सुरुवात करून मध्येच सोडून दिलेल्या पदार्थाची ॲलर्जी नंतर उद्भवू शकते. आषाढात सुरू करून गटारीला बंद केलेले अंडे अनंत चतुर्दशीनंतर पुन्हा ताटात आले, तर मध्ये तब्बल दीड महिन्याचा खंड पडतो. आमच्या थोरलीला आषाढात बिनतक्रार उतरलेले तेच उकडलेले अंडे गणपतीनंतर दिले, तेव्हा खालचा ओठ एका बाजूने टपोरा झाला, कानाच्या पाळ्या लाल झाल्या आणि हनुवटीपासून गळ्यापर्यंत गांधी उठल्या. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ‘मध्ये किती दिवस बंद होते?’ हाच होता.

उशिरा सुरू करणे म्हणजे सुरक्षित, ही समजूत अजून जात नाही, आणि त्याला कारणही आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने 2000 मध्ये ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना अंडे दोन वर्षांचे होईपर्यंत देऊ नये असे सांगितले होते. पुरेसा आधार नसल्यामुळे 2008 मध्ये तो सल्ला बाजूला ठेवला गेला, पण घराघरांत तो तसाच राहिला. पुढे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका अभ्यासात, इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोड्या प्रमाणात रोज दिली गेली. वर्षाचे होईपर्यंत त्यांच्यापैकी सुमारे 8 टक्के बाळांना अंड्याची ॲलर्जी आढळली, तर ज्यांना दिले नव्हते त्यांच्यात हे प्रमाण 38 टक्क्यांच्या आसपास होते. या अभ्यासातील ‘रोज’ हा शब्द वाचणारे फार थोडे असतात. सर्वांचे लक्ष ‘लवकर’ या शब्दावर जाते.

बाळ सहा महिन्यांचे झालेले असावे, मान धरत असावे आणि नाचणीसत्त्व किंवा वरणभात आनंदाने खात असावे. मात्र अंगावर तीव्र इसब असेल, किंवा एखाद्या पदार्थाची लगेच दिसणारी प्रतिक्रिया पूर्वी येऊन गेली असेल, तर घरी काहीही न करता आधी बालरोगतज्ज्ञांकडे जावे. काही बाळांना पहिला घास दवाखान्यातच देण्याची गरज असते. अशा बाळाच्या बाबतीत ‘थोडेसे देऊन बघू’ हे वाक्य घरात कोणालाही उच्चारू देऊ नये.

आता पुन्हा घराकडे. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी वगळली, तरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार उरतात. आठवड्यातून दोनदा हा हिशेब त्यात आरामात बसतो, म्हणून वारांची अडचण सांगून कोणी टाळाटाळ करत असेल तर ती मानू नये. प्रश्न सलग महिन्याचा आहे. श्रावण दोन-तीन आठवड्यांवर आला असेल आणि घरात अंडे शिजणारच नसेल, तर दोनच मार्ग उरतात. पहिला मार्ग म्हणजे आत्ताच बसून, बाळापुरते अंडे श्रावणातही चालेल, असे ठरवणे. वेगळे पातेले, वेगळा चमचा आणि गॅलरीत ठेवलेली विजेची शेगडी एवढ्यावर बऱ्याच आजींचा विरोध मावळतो, कारण नेम त्यांचा असतो, बाळाचा नसतो. दुसरा मार्ग म्हणजे शेजारी किंवा बहिणीकडे अंडे उकडून घेणे. यांपैकी एकही जमत नसेल, तर कधी सुरू करावे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे. चार दिवस देऊन महिना-दीड महिना बंद ठेवण्याचा बेत मात्र करू नये. हे मी पुन्हा लिहितो आहे, कारण अंडी आणली जातात, पातेले निघते, छायाचित्रेही काढली जातात आणि दिनदर्शिका तेवढी कोणी पाहत नाही.

पहिल्या दिवसासाठी बुधवारची सकाळ उत्तम. त्या वेळी दवाखाना उघडा असतो, पुढे दोन तास बाळ जागे राहणार असते आणि घरात किमान एक मोठे माणूस मोकळे असते. रविवारी दुपारी सगळे जमले आहेत म्हणून, लस टोचल्याच्या दिवशी, सर्दी-ताप असताना, किंवा गाडीत बसण्यापूर्वी पहिला घास देऊ नये. त्याच दिवशी दुसरा नवा पदार्थही देऊ नये, नाहीतर गांधी कशाने उठल्या हे कधीच कळत नाही.

अंडे पाण्याला उकळी आल्यावर दहा ते बारा मिनिटे, पांढरे आणि पिवळे दोन्ही घट्ट होईपर्यंत उकडावे. कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या अंड्यात साल्मोनेला या जंतूंचा धोका असतो, शिवाय कच्च्या पांढऱ्याची ॲलर्जीकारकताही जास्त असते. आधी फक्त पिवळे आणि पांढरे वर्षानंतर, ही जुनी पद्धत सोडून द्यावी. ॲलर्जीला कारणीभूत ठरणारी मुख्य प्रथिने पांढऱ्यातच असल्यामुळे, नुसते पिवळे सोसले म्हणजे अंडे सोसले असे होत नाही. गावरान अंड्यातही तीच प्रथिने असतात. केक किंवा बिस्किट पचले हाही पुरावा नव्हे, कारण मैद्याबरोबर बराच वेळ भाजलेले अंडे सोसणारी काही बाळे उकडलेल्या अंड्याला प्रतिक्रिया देतात.

कोरडे पिवळे घशाला चिकटते आणि ठसका लागतो, म्हणून पांढरे-पिवळे एकत्र बारीक कुस्करून आईच्या दुधात किंवा मुगाच्या वरणात सैल करावे. मीठ नको, मध तर वर्षापर्यंत मुळीच नको. सुरुवात पाव चमच्याने करावी. काही मिनिटे थांबून, सगळे ठीक असेल तर आणखी थोडे द्यावे. आधी गालाला लावून बघण्याचा सल्ला हमखास मिळतो, तो ऐकू नये. त्वचेवर लावल्याने ॲलर्जी ओळखता येत नाही, आणि इसबाने फुटलेल्या त्वचेतून शरीराला झालेली अंड्याची ओळखच ॲलर्जीकडे नेते असे मानले जाते.

लगेचची प्रतिक्रिया बहुधा काही मिनिटांत, क्वचित दोन तासांपर्यंत दिसते. गांधी, ओठ किंवा डोळ्यांची सूज, उलटी यांपैकी काहीही दिसले तर देणे थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करावा. सतत खोकला, घरघर, आवाज बसणे, बाळ पांढरेफटक किंवा गळून गेल्यासारखे होणे, यांपैकी काही दिसताच 108 वर फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत बाळाला हातांवर किंवा मांडीवर आडवे धरावे, उलट्या होत असतील तर कुशीवर. खांद्यावर उभे घेऊन पाठ थोपटण्याची आपली सवय अशा वेळी घातक ठरते, कारण रक्तदाब आधीच घसरत असतो. थोरल्या मुलाचे सर्दीचे औषध हाती लागले म्हणून पाजू नये. एक ते चार तासांनंतर पुन्हा पुन्हा उलट्या होऊन बाळ मलूल झाले, तर अंगावर पुरळ नसले तरी ती अंड्याचीच प्रतिक्रिया असू शकते. तोंडाभोवती घास लागला तेवढ्याच जागी आलेली लाली पुष्कळदा नुसती चुरचुर असते, तरी फोटो काढून डॉक्टरांना दाखवावी.

पुढचे थोडक्यात. प्रमाण काही आठवड्यांत हळूहळू वाढवावे, नंतर नीट शिजलेली भुर्जी आणि पोळा द्यावा, पाळणाघराला कळवावे, बाहेरगावी जाताना उकडलेले अंडे बरोबर घ्यावे आणि दोन तासांहून अधिक वेळ बाहेर राहिले तर टाकून द्यावे. आठवड्यातून दोनदा, नवरात्रातही. अंड्याची ॲलर्जी निघालीच तरी गोवर-रुबेलाची लस चुकवू नये. परदेशी जाण्यासाठी पीतज्वराची लस घ्यायची असेल तर मात्र ॲलर्जीबद्दल आधी डॉक्टरांना सांगावे.